दोन चुटक्यांची जागा

ही गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या भाच्याची आहे. शेवटचा भाग तर मी माझ्या कानांनी ऐकलेला आहे, आणि अजूनही ऐकतो आहे.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच्या असतात. ही दुपारची आहे.

रविवार, १८ मे २०२५. दुपारचा एक. गाव लोणखेडा, शहाद्याला चिकटूनच.

आमच्याकडचा मे महिना ज्याने काढला आहे त्याला वेगळं सांगायला नको. बारा वाजले की रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. दारं लावलेली, खिडक्यांना ओली पोती, आणि घराघरातून कूलरची घरघर.

नवनीतच्या माडीवरचा कूलर मात्र बंद होता.

त्यानेच बंद केला होता. कूलरचा आवाज माइकमध्ये शिरतो म्हणून.

नवनीत माझा भाचा. वय बेचाळीस. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी. लग्न केलं नाही. भाऊ सुरतेला, आणि आई गेल्यापासून एवढ्या घरात हा एकटा. वेड एकच, तेही लहानपणापासून. व्हिडिओ गेम.

तो दहा वर्षांचा होता तेव्हा शहाद्यात बसस्टँडच्या मागे गेमचं एक दुकान निघालं. आत दोनच मशिनी. मोठी पोरं त्या सोडायची नाहीत. मग नवनीत आणि त्याचा दोस्त वसीम मागे उभे राहायचे. खेळायला मिळत नाही म्हणून बोलायचे.

"दख दख, लाथ उनी! गया, आडवा पडना!"

"त्याले उठू तं दे रे, जेवण करीसन नही उना तो!"

पडद्यावर दोन पहिलवान मारामारी करायचे, आणि ही दोन पोरं त्यांचं अहिराणीत वर्णन करायची. हळूहळू लोक खेळ बघायचं सोडून यांचंच ऐकायला लागले.

तीस वर्षांनीही दोघं तेच करत होते. आता घरोघरी मोबाइल होता. जिल्ह्यातली पोरं तोच जुना मारामारीचा गेम आपापल्या घरातून खेळायची, नंदुरबारचा भाग्येश नावाचा तरुण त्यांच्या स्पर्धा घ्यायचा, आणि रविवारी दुपारी हजारभर लोक सामने बघायचे. त्यातले निम्मे तरी नवनीत-वसीमची कॉमेंट्री ऐकायलाच यायचे.

नवनीत लोणखेड्याच्या माडीवर. वसीम खांडबाऱ्याला. वसीमचे वडील फकीरभाई रेडिओ दुरुस्तीचं दुकान तिकडे स्टेशनजवळ घेऊन गेले होते.

खांडबाऱ्याचं नेटवर्क असं, की वसीमचा आवाज इकडे उशिरा पोचायचा. दोघांची वाक्यं एकमेकांवर आदळायची. मग वसीमनेच तोड काढली. नवनीतने आपलं वाक्य संपवायचं, दोन चुटक्या वाजवायच्या आणि तेवढा वेळ गप्प बसायचं. त्या जागेत वसीमचं वाक्य येऊन बसायचं. वसीमनेही तसंच करायचं.

दहा वर्षांत ती सवय इतकी भिनली की नवनीत भाजीवाल्याशी बोलतानाही वाक्यानंतर दोन चुटक्या वाजवायचा.

आणि सुरुवात ठरलेली. दर रविवारी वसीम आधी आपला आवाज पोचतोय का ते विचारणार,

"नवनीत, आवाज ई ऱ्हायना का मन्हा?"

नवनीत म्हणणार, "ई ऱ्हायना भो, बोल."

मग खेळ सुरू.

फेब्रुवारी २०२४ मध्ये वसीम गेला. छातीचा आजार. नवनीतने पंधरा महिने माइकला हात लावला नाही.

शेवटी भाग्येशने पिच्छा पुरवला.

"भाऊ, लोके रोज इचारतस तुमले. जोडीले दुसरा देऊ का कोणी?"

"नको," नवनीत म्हणाला. "एकटाच बोलसू."

म्हणून त्या १८ तारखेला तो कूलर बंद करून, घामाने निथळत, एकटा बसला होता.

समोरच्या पडद्यावर दोन हिरव्या पट्ट्या. वरची त्याच्या माइकची. बोललं की उसळणारी. खालची वसीमच्या लाइनची. ती त्याने काढली नव्हती. हात धजावला नाही. आता ती कशालाच जोडलेली नव्हती. सपाट पडून होती.

पहिला सामना सुरू झाला. नवनीत बोलू लागला. वाक्य संपलं, बोटांनी आपोआप दोन चुटक्या वाजवल्या, आणि तो गप्प बसला.

दोन चुटक्यांची जागा.

ती रिकामीच गेली.

तरी तो पुढचं वाक्य बोलला. परत दोन चुटक्या. परत रिकामी जागा. सवय जाईना.

तेवढ्यात खाली लोकांचे संदेश येऊ लागले.

"आरे वसीमभाई!"

"वसीमभाई परत आले, आज फॉर्मात!"

"हसून हसून पोट दुखलं."

नवनीतच्या कानशिलावरून घाम ओघळला. त्याला वाटलं, कोणी टवाळी करतंय. मेलेल्या माणसाची टवाळी.

तो पुढे बोलला. दोन चुटक्या. गप्प.

आणि या वेळी त्याला दिसलं...

खालची हिरवी पट्टी हलत होती.

कशालाच न जोडलेली ती पट्टी उसळत होती, खाली बसत होती, परत उसळत होती. माणूस बोलताना उसळते तशी.

कानांवरच्या हेडफोनमध्ये मात्र काहीच नव्हतं.

श्वासही नाही.

सामने संपल्यावर भाग्येशचा फोन आला.

"भाऊ, वसीमभाईचं जुनं रेकॉर्डिंग लावं का तुम्ही? पण ते आजना पोरेसनं नाव कसं ली ऱ्हायंतं?"

"मी एकटाच व्हतू, भाग्येश."

"भाऊ, मस्करी नका करू."

नवनीतने रेकॉर्डिंग लावलं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकलं. त्याचा स्वतःचा आवाज, दोन चुटक्या, शांतता. परत त्याचा आवाज, परत चुटक्या, परत शांतता...

सगळ्यांना वसीम ऐकू येत होता. एका नवनीतला सोडून.

पुढच्या रविवारी त्याने मुद्दाम जास्त जागा सोडल्या. खेळाकडे त्याचं लक्षच नव्हतं. त्या खालच्या पट्टीकडे बघत राहिला. पट्टी उसळली की लोक हसत. कशाला हसतात ते त्याला कळत नव्हतं. आपल्याच घरात, आपल्याच दोस्ताच्या बोलण्यावर सगळा जिल्हा हसतोय आणि आपण बहिऱ्यासारखे बसलोय.

शेवटी त्याने माइकवरच विचारलं,

"काय म्हणी ऱ्हायना तो? सांगा ना कोणी."

लोकांना तोही विनोद वाटला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ती नवनीतने कोणालाच सांगितली नव्हती. मलाही फार उशिरा सांगितली.

४ फेब्रुवारी २०२४. वसीम जायच्या आठ दिवस आधीची फायनल. वसीम अंथरुणावरून बोलत होता आणि वाक्यावाक्याला खोकत होता. तो खोकला लोकांच्या कानात जायचा. नवनीतने एका उबळीला वसीमच्या लाइनचं बटण दाबून आवाज बंद केला. उबळ गेली की परत चालू करणार होता.

पण सामना रंगला. दोन चुटक्या थांबायची गरज उरली नाही. नवनीत एकटा सुटला. लोक वाहवा करू लागले.

पडद्यावर वसीमच्या लाइनवर लाल खूण दिसत होती. ती त्याला दिसली. एकदा नाही, चारदा दिसली. या फेरीनंतर चालू करू, असं म्हणत त्याने फायनल संपवली.

वसीम तिकडे चाळीस मिनिटं बोलत राहिला. कोणालाच ऐकू गेला नाही.

संध्याकाळी वसीमचा फोन आला होता.

"कसं व्हयनं रे?"

"जबरदस्त," नवनीत म्हणाला.

त्यानंतर दोघं बोलले नाहीत. बोलायला आठच दिवस होते.

म्हणून नवनीतला वसीम ऐकायचा होता. एकदा. आणि एकदा त्याला खरं सांगायचं होतं.

त्या आठवड्यात त्याने रजा टाकली. नंदुरबारहून गाडी धरून खांडबाऱ्याला उतरला. वसीमची आई, शकीलाचाची, स्टेशनमागच्या घरात एकटीच राहते. फकीरभाई मुलाच्या आधीच गेलेले.

"बठ बेटा," चाची म्हणाली. "वाळी गया किती. जेवस का नही काही?"

तिने चहा ठेवला. नवनीतला विचारावं लागलं नाही. तीच बोलली.

"दर इतवारले आयकस मी. दोन्ही इतवार आयकं. मन्हा वसीम चांगला बोलस आते." मग हसून म्हणाली, "खोकला नही ऱ्हायना त्याले."

नवनीतने कप खाली ठेवला.

"चाची, तुमले भ्या नही वाटत?"

"मन्हा पोऱ्या शे तो. भ्या कसानं?"

नवनीतने मान खाली घातली. त्याच्या तोंडातून कसेबसे शब्द निघाले.

"चाची, ती फायनल... शेवटली..."

"आयकी व्हती ना आम्ही," चाची म्हणाली. "दुसरे दिन त्यानी मोबाइलवर लावी. पुरी आयकी. मी म्हणनू, आरे वसीम, तुन्हा तं आवाजच नही यामा. तू तं घसा फाडी फाडी बोली ऱ्हायंता."

"मग? मग काय म्हणना तो?"

"म्हणे, खांडबारानं नेटवर्क शे अम्मी, तसंच राहस." चाचीने पदराने कपाळ टिपलं. "पण मग दिनभर बोलना नही. भिताडकडे तोंड करीसन पडेल व्हता."

वसीमला कळलं होतं.

परतीच्या गाडीत नवनीत उभाच होता. बसायला जागा असून.

१ जून. रविवार. फायनल.

एका बाजूला तळोद्याची रंजिता, दुसऱ्या बाजूला धडगावचा जालमसिंग. दोन हजारांवर लोक बघायला आले होते. खरं तर बरेचसे वसीमभाईंना ऐकायलाच.

नवनीतने कूलर बंद केला. दार लावलं. हेडफोन चढवला. ठरवलं होतं, आज आधी सगळ्यांसमोर सांगायचं आणि मगच खेळाकडे वळायचं.

"मंडळी," तो म्हणाला, "माले एक गोट सांगनी शे. मागला सालनी फायनलमा मी वसीमनी लाइन बंद करी व्हती. नेटवर्कनी चूक नव्हती. मन्ही व्हती. माले दिखी ऱ्हायंतं, तरी मी चालू करी नही. वसीम, माफ कर भो. माफ कर माले."

सांगता सांगता तो रडायला लागला.

डोळे पुसून त्याने पडद्याकडे पाहिलं.

कोणी काहीच लिहिलं नव्हतं त्याबद्दल.

लोक लिहीत होते...

"नवनीतभाऊ कुठे आहेत आज?"

"वसीमभाई एकटेच का?"

"नवनीतभाऊ, तुमचा आवाज येत नाही."

नवनीतने वायर तपासली. माइकवर टिचकी मारली. मग त्याची नजर हिरव्या पट्ट्यांवर गेली.

खालची पट्टी उसळत होती.

वरची, त्याची स्वतःची पट्टी, सपाट पडली होती. आणि तिच्यावर लाल खूण होती.

त्याने बटण दाबलं. खूण गेली.

हात उचलला... परत आली.

परत दाबलं. परत आली. दहा वेळा, वीस वेळा. बोट ठेवून बसला तरी पडद्यावर लाल खूण लुकलुकायची.

मग त्याने हात काढून घेतला. आणि तो बोलू लागला. फायनल सुरू झाली होती, तो प्रत्येक लाथ, प्रत्येक ठोसा सांगत गेला. घसा फाटेपर्यंत. त्या बंद खोलीत, त्या उकाड्यात, चाळीस मिनिटं. कोणालाच ऐकू गेला नाही.

रंजिता जिंकली. लोकांनी वसीमभाईंना डोक्यावर घेतलं.

चाचीचा फोन आला. ती खूश होती.

"बेटा, वसीम आज काय बोलना! पण तू काबरं नही बोलना रे?"

नवनीत पडद्यावरच्या लाल खुणेकडे बघत राहिला.

"दर घडी थांबी ऱ्हायंता तो तुन्हासाठे," चाची म्हणाली. "दोन चुटक्या वाजाडे, आनि थांबी जाये."

फोन ठेवून नवनीत खाली उतरला आणि थेट माझ्या घरी आला. शर्ट पिळून काढावा असा भिजलेला. आवाज बसलेला. तेव्हा त्याने मला ही सगळी हकीकत सांगितली, बटणाची गोष्टही. मग म्हणाला, "मामा, तुम्ही त्याले लहानपणपासून वळखतस. चला. आयका. तो काय म्हणी ऱ्हायना तेवढं सांगा माले."

मी गेलो. त्याने हेडफोन माझ्या कानांवर ठेवला आणि रेकॉर्डिंग लावलं.

मला या खेळातलं काही कळत नाही. पण वसीमचा आवाज मला कळतो. आठ वर्षांचा असल्यापासून तो आमच्या ओट्यावर खेळलेला पोरगा.

वसीमच होता.

हसत होता, टोमणे मारत होता. वाक्य संपलं की दोन चुटक्या ऐकू यायच्या. मग शांतता... मग परत त्याचा आवाज. नवनीतचा एक शब्दही त्यात नव्हता.

फायनल संपली. लोक गेले. रेकॉर्डिंग मात्र चालूच राहिलं होतं. बराच वेळ काही नव्हतं. मी हेडफोन काढणार होतो.

तेवढ्यात...

"नवनीत, आवाज ई ऱ्हायना का मन्हा?"

हळू आवाजात. हसू नव्हतं त्यात.

दोन चुटक्या. शांतता.

"नवनीत? आवाज ई ऱ्हायना का?"

दोन चुटक्या. शांतता.

असं कितीतरी वेळा. जोवर रेकॉर्डिंग संपलं नाही तोवर.

नवनीत माझ्या तोंडाकडे बघत होता. "काय म्हणी ऱ्हायना तो, मामा?"

मी सांगितलं. वसीमचा प्रश्न त्याला सांगितला.

त्याने माझ्या कानांवरचा हेडफोन काढून स्वतःच्या कानांवर चढवला आणि माइकजवळ तोंड नेलं.

"ई ऱ्हायना भो," तो म्हणाला. "बोल."

त्यानंतर त्याने स्पर्धांची कॉमेंट्री सोडली. भाग्येशने दुसरी जोडी बसवली. त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये त्या दोघांशिवाय कोणी नसतं.

पण नवनीत अजूनही दर रविवारी दुपारी एक वाजता माडीवर जातो. कूलर बंद करतो. दार लावतो. सामना नसतो, बघणारे नसतात. एकटाच बोलतो, दोन चुटक्या वाजवतो, गप्प बसतो. सगळी माफी परत मागतो.

मी खाली त्याच्या ओट्यावर बसतो. म्हाताऱ्या माणसाला दुपारची झोप लागत नाही, हे निमित्त.

आणि खाली ओट्यावर, हेडफोन नसताना, मला माडीवरून दोन आवाज येतात.

नवनीतचा: "ई ऱ्हायना भो, बोल."

मग दुसरा...

"नवनीत, आवाज ई ऱ्हायना का मन्हा?"

प्रत्येक वेळी तोच प्रश्न. नवनीतने कितीही उत्तर दिलं तरी तोच. नवनीतची माफी, नवनीतचं रडणं, काहीच तिकडे पोचत नाही.

नवनीत खाली येतो तेव्हा विचारतो, "मामा, आज काय म्हणना तो?"

मी सांगतो, "म्हणना, तुन्हा आवाज ई ऱ्हायना. माफ करं म्हणना."

नवनीतचा चेहरा थोडा उजळतो. तो त्या दिवशी नीट जेवतो. म्हणून मी दर रविवारी तेच सांगत आलो. नऊ महिने झाले.

गेल्या रविवारी मात्र तसं झालं नाही.

माडीवर नवनीत बोलून गप्प बसला होता. मी ओट्यावर होतो. दोन चुटक्या वाजल्या.

या वेळी त्या माडीवर वाजल्या नाहीत.

ओट्यावर, माझ्या उजव्या कानापाशी वाजल्या.

मग आवाज आला. अगदी जवळून. लहानपणी विचारायचा तसाच, आदराने.

"मामा... तुमले तं ई ऱ्हायना ना मन्हा आवाज?"

आणि तो थांबला. माझ्यासाठी जागा सोडून.

मी उत्तर दिलं नाही. तोंडच उघडलं नाही. तसाच भिंतीला धरून उठलो आणि घरी आलो. संध्याकाळी नवनीत आला, त्याने विचारलं, आणि मी नेहमीचं सांगितलं.

पण वसीमला आता माहीत आहे, की मला ऐकू येतं.

आज शनिवार आहे.